लावली, जगली

वही माझ्याकडे आली ती केवळ अक्षर बरं आहे म्हणून. झाडांतलं मला फारसं कळत नव्हतं. मोठा ऐन किंवा साग ओळखता आला असता, पण तीच झाडं वीतभर उंचीची असताना समोर ठेवली असती तर मी चारदा चुकले असते. मागच्या उघड्या डोंगरावर सगळ्यांनी मिळून झाडं लावायची, हे ठरवायला पहिली बैठक झाली तिला मी उशिरा पोचले आणि दाराशीच बसले. "नोंदी कोण ठेवणार?" असा प्रश्न निघाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

रकाने कोणते आखायचे, यावर एक आजोबा म्हणाले, "लावली किती ते लिहू नकोस, ते कुणीही छाती फुगवून सांगतं. जगली किती तेवढं लिही." मी दोन्ही रकाने आखले. एकाशिवाय दुसऱ्याला अर्थ नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आज तितकी खात्री नाही.

आजोबांच्या बोलण्यातला कडवटपणा उगाच नव्हता. त्या डोंगरावर झाडं पहिल्यांदा लागत नव्हती. आधी तीन वेळा लागली होती. दर वेळी बाहेरून गाड्या आल्या, फलक लागला, फोटो निघाले आणि पुढच्या उन्हाळ्यात फलक तेवढा उभा राहिला. तिसऱ्या खेपेला आधीच्याच खड्ड्यांत नवी रोपं बसवली. खणायचे कष्ट वाचले म्हणून लोकांनी आभारच मानले असतील. रोपं आयती यायची, जात दुसरंच कुणी ठरवायचं, आणि डोंगर आमचा असूनही पाहुण्याच्या घरात वावरावं तसे आम्ही तिथे खड्डे खणायचो. म्हणून या वेळी एवढंच ठरलं की आधी भांडून घ्यायचं, मग लावायचं.

भांडण निघालं ते चराईवरून. पहिल्या बैठकीत जमीनवाले होते, तरुण मुलं होती, माझ्यासारखे वहीवाले होते. ज्यांच्या शेळ्या त्या डोंगरावर चरायच्या त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. डोंगर पाच वर्षं बंद, असा ठराव आम्ही त्यांच्या पाठीमागे करूनही टाकला. दुसऱ्या बैठकीला एक मावशी न बोलावता आल्या. जमीन नाही, चौदा शेळ्या, एवढाच संसार. त्या रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "डोंगर बंद करा. मग माझ्या शेळ्या उद्या सकाळी कुठं नेऊ, तेवढं आज सांगा."

कुणालाच सांगता आलं नाही.

लोकसहभागाच्या गोष्टी नेहमी इथे येऊन अडतात, हे मी पुढे बरंच वाचल्यावर समजलं. नेपाळमध्ये १९९३च्या वन कायद्यानंतर जंगलं गावागावांतल्या वापरकर्ता गटांच्या ताब्यात दिली गेली. आज असे बावीस हजारांहून जास्त गट आहेत. उपग्रहाच्या चित्रांवरून केलेल्या एका अभ्यासात तिथलं वनाच्छादन १९९२ ते २०१६ या काळात साधारण २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. हे यश खरंच मोठं आहे. पण जंगल बंद केल्याची पहिली झळ कुणाला बसली, तर ज्यांना सरपण आणि चारा मिळवायला दुसरी जागाच नव्हती त्यांना. तिथल्या अभ्यासकांनीही हे लिहून ठेवलं आहे. आमच्या बैठकीत हे वाचून दाखवायची गरज पडली नाही. मावशी समोर बसल्या होत्या.

शेवटी डोंगराचे चार तुकडे केले. एका वेळी एकच तुकडा बंद. बंद तुकड्यात जनावर न्यायचं नाही, पण विळ्याने गवत कापून न्यायची मुभा, आणि त्या गवतावर पहिला हक्क बिनजमिनीच्या घरांचा. हा तोडगा कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात मावशींनी पहिल्या वर्षी पाच शेळ्या विकल्या, कारण कापून आणायला लागणारा वेळ त्यांच्याकडे नव्हता. माझ्या वहीत या पाच शेळ्यांना रकाना नाही. गावोगावी असे फलक रंगवताना हा आकडा कुणी लिहीत असेल असं मला वाटत नाही.

मग बियाणं. इथे मात्र मी तासन्‌तास बोलू शकते, कारण इथे माझी फजिती झाली.

रोपं बाहेरून आणायची नाहीत, असं ठरल्यामुळे बी आम्हालाच गोळा करायचं होतं. पलीकडच्या घळीत जुन्या जंगलाचा एक पट्टा शिल्लक होता. एकाच झाडाखालचं सगळं बी उचलायचं नाही, एका जातीच्या निदान दहा-बारा वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्यायचं. नाहीतर उद्या सगळं रान एकाच आईची लेकरं, आणि एखादा रोग आला की सगळीच एकदम आडवी. बहावा, करंज, ऐन, जांभूळ, बेहडा, उंबर अशी बेगमी झाली. माझ्या वाट्याला जांभूळ आणि बहावा आले. मी शहाणपणा केला. दोन्ही बिया स्वच्छ धुतल्या, सावलीत खडखडीत वाळवल्या, कापडी पिशवीत बांधून चिठ्ठ्या लावल्या आणि पंधरा-वीस दिवसांनी मोठ्या ऐटीत रोपवाटिकेत नेऊन दिल्या.

जांभळाची एकही बी उगवली नाही. बहाव्याच्याही जेमतेम दोन-तीन.

जांभळाचं बी वाळलं की मरतं. ते गर काढल्या काढल्या मातीत जायला हवं. फळ पावसाच्या तोंडाशी पिकतं ते उगाच नाही, खाली पडल्यावर थांबायची त्याची तयारीच नसते. बहाव्याचं नेमकं उलटं. त्याचं कवच इतकं टणक की पाणी आतच शिरत नाही. त्याला कढत पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवायचं, किंवा एका टोकाला कवच जरासं घासायचं, की मग ते जागं होतं. म्हणजे एकाला मी प्रेमाने मारलं आणि दुसऱ्याला प्रेमाने झोपवून ठेवलं. रोपवाटिका सांभाळणाऱ्या बायका हसून हसून बेजार झाल्या. त्यातल्या एकीने माझी बहाव्याची पिशवी परत घेतली, गरम पाणी केलं आणि आठवड्याभराने वाफ्यावर उगवलेले कोंब मला मुद्दाम बोलावून दाखवले.

त्या बायकांच्या मजुरीची पद्धत आम्ही केनियातून उचलली, असं म्हणायला हरकत नाही. वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये तिथे ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली. खेड्यातल्या बायकांनी आसपासच्या झाडांचं बी गोळा करायचं, रोपं वाढवायची आणि लावायची. मोबदला मिळायचा तो जगलेल्या रोपामागे. या कामातून पाच कोटींहून जास्त झाडं उभी राहिली आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. नोबेलची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातलं जगलेल्या रोपामागचं गणित जास्त आवडतं. आम्ही जरा सौम्य केलं. अर्धे पैसे रोप डोंगरावर गेलं की, उरलेले अर्धे पहिला उन्हाळा काढला की. त्यामुळे रोपवाटिकेतल्या बायका पुढे डोंगरावर आमच्याही आधी पोचायला लागल्या. कुणाच्या गटाचं रोप कुठे आहे, हे माझ्या वहीपेक्षा त्यांना पाठ.

लावण्याचा दिवस तुम्हाला माहीत आहे, तो सगळीकडे सारखाच असतो. चांगला पाऊस होऊन माती खोलवर भिजल्यावर लावलं, मुलं चिखलात लोळली, पहार एकच आणि मागणारे वीस. दोन गोष्टी तेवढ्या सांगते. काही उत्साही हातांनी रोपं पिशवीसकट पुरली. ती आम्हाला संध्याकाळी पुन्हा उकरून काढावी लागली. आणि रोपाभोवती गवताचं आच्छादन घालायचं की दगडांचं, यावर वाद झाला. वाळलेल्या गवताला तिथे वाळवी लागते आणि वणवा लागला तर तेच गवत रोपाची चिता होतं, म्हणून दगड. उताराच्या खालच्या बाजूला मातीचा अर्धचंद्र, आत रोप, भोवती तीन-चार चपटे दगड. दगडाखाली ओल किती दिवस टिकते ते बोट घालून पाहिलं की कळतं.

त्या वर्षी वहीत लिहिलं: लावली ४१२.

शंभरेक रोपं कमी पडली होती, म्हणून ठराव मोडून ती बाहेरून घेतली होती. नावं घेत नाही. दिसायला आमच्या रोपांपेक्षा उंच आणि टवटवीत होती. दुसऱ्या वर्षी त्यातली भराभर माना टाकायला लागली, तेव्हा आजोबांनी एक उपटून उलटं धरलं. मुळाने पिशवीच्या तळाशी गोल गोल फेरे घातले होते, खाटेच्या सुंभासारखे, आणि जमिनीत येऊन दीड वर्ष झालं तरी ते तसंच गरगरत होतं. एक तंतूही बाहेर गेला नव्हता. रोप पिशवीत फार दिवस राहिलं की असं होतं. वरून दिसत नाही. तेव्हापासून आम्ही रोप घेताना पानं बघत नाही, एखादी पिशवी फाडून बघतो.

पहिल्या उन्हाळ्यानंतरची मोजणी करायला मी आणि रोपवाटिकेतल्या दोघी गेलो. तीन दिवस लागले. जगली १६७. मी रडकुंडीला आले होते. मग एकेक मेलेलं रोप पाहत कारण लिहायला बसलो, तर सगळा दोष ज्यांच्यावर जाईल असं वाटलं होतं त्या शेळ्यांच्या नावावर फार थोडी निघाली. पुष्कळशी गवताने गिळली होती. पावसात गवत पुरुषभर वाढतं आणि खालच्या रोपाला ना ऊन मिळतं ना पाणी. आणि बरीच रोपं, हे लिहिताना हात अडखळला, आम्हीच कापली होती. बेणणी करताना विळ्याच्या एका हिसक्यात गवताबरोबर रोपही. खोडावर तिरपा, स्वच्छ काप. दुसऱ्या वर्षीपासून प्रत्येक रोपाशेजारी चुन्यात बुडवलेली काठी आली, आणि पहिली दोन वर्षं पावसाळ्यात दोन-तीनदा बेणणी हा नियम झाला. झाड लावायला पाच मिनिटं लागतात, बेणणीला दोन वर्षं. पण बेणणीचे फोटो कोण काढतो?

त्याच सुमारास तुर्कस्तानातली एक बातमी वाचली होती. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथे एका दिवसात एक कोटी दहा लाख रोपं लावली. तीन महिन्यांनी तिथल्या वनकामगारांच्या संघटनेने काही ठिकाणी पाहणी करून सांगितलं की पाहिलेल्यांपैकी ९० टक्क्यांपर्यंत रोपं मेली आहेत. सरकारने ते नाकारलं. खरं कुणाचं, या वादात मी पडत नाही. पण एक कोटी रोपं कुणी, कुठली वही घेऊन मोजत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

दुसऱ्या मोजणीला मावशी आमच्याबरोबर होत्या, गवताचा भारा बांधायला. मी काठ्या शोधत पुढे जात होते आणि त्या मागून म्हणाल्या, "हे का नाही मोजत?" पायाशी गुडघ्याएवढं झुडूप होतं, पळसाचं. मी म्हटलं, मावशी, हे आपण नाही लावलेलं. त्यांनी भारा खाली ठेवला, बसल्या आणि विळ्याच्या टोकाने माती उकरली. खाली मांडीएवढा जाड, काळा पडलेला खुंट होता. "हे झुडूप नाही गं. झाडच आहे. माझ्या शेळ्या दर वर्षी याचं डोकं खातात, ते दर वर्षी परत येतं. माझ्या सासूच्या शेळ्यापण हेच खायच्या."

त्यांनी हात वर करून दाखवलं. तिथे एक, पलीकडे ऐनाचा एक, त्या दगडामागे तीन. अख्ख्या उतारावर खुंट होते. तोडलेल्या जंगलाची मुळं खाली जिवंत होती आणि आम्ही त्यांच्या डोक्यावर उभं राहून खड्डे खणत होतो. काही ठिकाणी तर खड्डा खणताना ती मुळंच आम्ही तोडली होती.

टोनी रिनॉडो नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाला हेच १९८३ च्या सुमारास आफ्रिकेतल्या नायजरमध्ये दिसलं. लावलेली रोपं एकामागून एक मरत होती. रेताड रस्त्यावर गाडी थांबवलेली असताना त्याने एका झुडपाचं पान जवळून पाहिलं आणि लक्षात आलं की हे झुडूप नव्हे, तोडलेल्या झाडाचे फुटवे आहेत. फुटव्यांतले दोन-चार जोमदार ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखायचे, एवढीच त्याची पद्धत. पुढे नायजरमध्ये सुमारे पन्नास लाख हेक्टरवर शेतकऱ्यांनी अशी झाडं परत आणली. झाड सरकारचं, ही भावना जाऊन ते आपलं वाटायला लागल्यावरच हे पसरलं. त्याला जे दिसायला गाडी थांबवावी लागली, ते मावशींना लहानपणापासून माहीत होतं. आम्ही विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं.

मी वहीत तिसरा रकाना आखला: खुंट. त्या वर्षी पहिल्या तुकड्यात २३० खुंटांची विरळणी केली. एका खुंटावर बारा-पंधरा फुटवे असतात, त्यातले दोन सरळ ठेवायचे. कुठले दोन, यावर प्रत्येक खुंटाशी दोन माणसांचं तीन मतांचं भांडण होतं. छाटलेल्याचं सरपण झालं. आजवर झाडं लावून कुणाच्या घरात चूल पेटली नव्हती, ती न लावलेल्या झाडांमुळे पेटली. दोन पावसाळ्यांत फुटवे माझ्या डोक्यावर गेले, कारण पोसायला खाली जुनं मूळ होतं. आमची लाडकी रोपं अजून कमरेला होती.

तिसऱ्या वर्षी वणवा आला. खरं तर आम्हीच त्याला गादी घालून ठेवली होती. चराई बंद, म्हणजे गवत भरपूर. आणि त्या वर्षी कापणीला माणसं कमी आली, म्हणजे गवत उभंच वाळलं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, तिन्ही बाजूंनी काढली होती, चौथी उद्या काढू म्हणून राहिली. आग चौथ्या बाजूने आली. रात्री ओल्या फांद्यांनी झोडपत ती विझवली तोवर अर्धा तुकडा काळा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी वहीत ओळीने "मेलं, मेलं, मेलं" लिहीत गेले. पाऊस पडल्यावर पुन्हा गेले तर त्यातल्या कितीतरी रोपांच्या बुडातून लालसर पानं आली होती. त्या पानावर आता इतकी खाडाखोड आहे की आकडा मलाच लागत नाही. गवत कापून नेणं हा बिनजमिनीच्या घरांवर केलेला उपकार आहे, असं समजणारे काही जण होते. वणव्यानंतर ते गप्प झाले. गवत नेलं नाही तर रान जळतं, एवढा साधा व्यवहार आहे.

पाण्याचं म्हणाल, तर घळीतला ओहोळ आता थोडा जास्त दिवस वाहतो आणि लोक त्याचं श्रेय झाडांना देतात. मी जरा हात राखून बोलते. उताराला आडवे समतल चर आम्ही पहिल्याच वर्षी खणले होते आणि गवताने माती धरली. हे काम बहुतेक त्यांचं आहे. वाढती झाडं पाणी पितातही. दक्षिण आफ्रिकेत तर १९९५ पासून पाणलोटातली परकी, भरभर वाढणारी झाडं काढून टाकायची सरकारी मोहीम चालू आहे, प्रवाहात पाणी उरावं म्हणून. झाड म्हणजे पाणी, असं सरसकट लिहिलेला फलक दिसला की मला आमचे तीन जुने फलक आठवतात.

मला जो बदल खरा वाटतो तो वेगळाच आहे. पाचव्या वर्षी उंबराखाली आणि दोन मोठ्या फुटव्यांच्या सावलीत मला अशी रोपं सापडली जी आम्ही लावली नव्हती आणि जिथे खुंटही नव्हता. एक जांभूळ होतं. माझ्या हातून एकही न उगवलेलं जांभूळ एखाद्या पक्ष्याने घळीतून आणून टाकलं होतं, न वाळवता. थायलंडमध्ये चिआंग माई विद्यापीठातले लोक मुळी याच हिशेबाने लावतात. वीस-तीस निवडक स्थानिक जाती लावायच्या, सावलीने गवत मारणाऱ्या आणि फळांनी पाखरं बोलावणाऱ्या, आणि पुढची भरती पाखरांवर आणि प्राण्यांवर सोडायची. अट एकच, आसपास कुठेतरी जुनं जंगल शिल्लक हवं. आमची घळ नसती तर ते जांभूळ नसतं. वहीत चौथा रकाना आला: आपोआप.

आता पहिला तुकडा उघडायची वेळ आली आहे. ठरल्याप्रमाणे तो या पावसाळ्यानंतर जनावरांना मोकळा व्हायचा. मागच्या आठवड्यातल्या बैठकीत ज्यांच्या गाई-म्हशी आहेत ते उघडा म्हणाले, आणि मावशी म्हणाल्या, अजून एक वर्ष थांबा. मला वाटलं त्यांना झाडांची माया आली. बाहेर पडल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "माया कसली! नऊ शेळ्या आहेत माझ्याकडे. कापून आणलेलं गवत त्यांना वर्षभर पुरतं. मोकळं केलं की यांच्या म्हशी आठ दिवसांत साफ करतील."

दोन्ही बाजू बरोबर आहेत, म्हणून निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीआधी पहिल्या तुकड्याची मोजणी करून आकडे आणायला मला सांगितलं आहे. काल जाऊन आले. आत शिरायला वाट नाही, काठ्या सापडत नाहीत आणि लावलेलं कुठलं, खुंटावरचं कुठलं, पाखरांनी आणलेलं कुठलं, हे अर्ध्या झाडांबाबत मला सांगता येत नाही. रोपवाटिकेतल्या दोघी उद्या बरोबर येणार आहेत. एकीचं म्हणणं आहे की तिच्या गटाची सगळी तिला ओळखता येतील. बघू.